गुलाबी कागदावरची लाट

पहिल्या घासाला जीभ भाजली आणि दुसरा घास थंडगार लागला. भारती चमचा हातात धरून तशीच बसली. ताटली एक, पोंगल एक, कालचं उरलेलं, आत्ता ओव्हनमधून काढलेलं. मग हे असं कसं? तिनं बोटाचं टोक पोंगलवर ठेवून पाहिलं. इथं चटका, जरा पुढं थंड, आणखी पुढं पुन्हा चटका. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. ओव्हनच्या आतली काचेची तबकडी फिरायची थांबली होती, एवढंच. कधीपासून थांबली होती कोण जाणे. रोज सकाळी ती बटण दाबायची आणि पाठ वळवून डबा भरायला लागायची. आतला घुर्र आवाज ऐकू आला की काम चाललंय असं धरून चालायची. आवाज होता, उजेड होता, आणि आत सगळं जागच्या जागी उभं होतं. आपल्या लक्षातच आलं नाही, याचंच तिला जास्त वाटलं. बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसलेली तिची सासू, गंगाबाई, तिकडूनच म्हणाली, "काय ग, खायचें सोडून बसलीस?" भारती म्हणाली, "काही नाही, आत्ते." हे 'काही नाही' ती गेला महिनाभर म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी ते थोडं जास्त खोटं होत होतं.

तो मायक्रोवेव्ह ओव्हन तिच्या नवऱ्यानं, सतीशकुमारनं, आणला होता. नवी वस्तू घरात आली की तो तिच्यासोबतचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचा. तेव्हा त्यानं ते इंग्रजीत वाचलं होतं, मग आईसाठी मराठीत सांगितलं होतं, आणि मध्ये जे शब्द अडले ते तमिळमध्ये. गंगाबाई हात मागे बांधून दूर उभी होती. विस्तव नाही, धूर नाही, आणि दूध उकळतं, हे तिला पटलं नव्हतं. "पेटींत काय आहे तें दिसत नाही, मग मीं कसें विश्वासूं?" असं ती म्हणाली होती आणि सतीश हसला होता. त्याचं हसणं भारतीला अजून ऐकू यायचं. चेहरा मात्र आता फोटोतलाच आठवायचा, आणि त्याबद्दल तिला एके काळी अपराधी वाटायचं, आता वाटत नव्हतं. तो बँकेतून दुपारी घरी आला, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत गेला. त्याला आठ वर्षं झाली. मुलगा प्रणवेश तेव्हा कॉलेजात होता. आता चेन्नईला नोकरीत आहे, दर रविवारी फोन करतो, आजीचं मराठी सगळं समजतो आणि उत्तर तमिळमध्ये देतो. तंजावूरच्या मेडिकल कॉलेज रोडवरच्या या फ्लॅटमध्ये दोघी राहिल्या, सासू आणि सून. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मग हळूहळू घराला एक चाल आली. सकाळी फिल्टर कॉफी, भारतीचं कॉलेज, संध्याकाळी दोघींनी मिळून निवडलेली भाजी, गंगाबाईच्या मोबाइलवरच्या मालिका, रात्री खिडकीतून येणारा वारा. भारती दुःखी नव्हती. खरी अडचण हीच होती. दुःखात असती तर उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

टाउन बसमध्ये खिडकीशी बसून ती पुन्हा त्या प्रश्नापाशी आली. विचारणारे वैद्यनाथ सर. ती ज्या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते तिथेच ते भौतिकशास्त्र शिकवतात. तिरुवैयारुला वडिलांच्या जुन्या घरात एकटे राहतात, रोज बसनं येतात. त्यांनी लग्न केलं नाही; आई लवकर गेली आणि वडील लकव्यानं अंथरुणाला खिळले, त्यांचं सगळं करता करता स्वतःची वर्षं निघून गेली. गेल्या मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, वडील गेले. सगळ्या स्टाफरूममध्ये घरी मराठी बोलणारी ही दोघंच, म्हणून ती कॉलेजात नवी होती तेव्हापासून दोघांमध्ये एक खाजगी बोळ असल्यासारखी ती भाषा होती. परीक्षेच्या पेपरांबद्दल, कॅन्टीनच्या वड्यांबद्दल, प्राचार्यांच्या नव्या सर्क्युलरबद्दल ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचे आणि कुणाला कळायचं नाही. तिला ते 'भारतीबाई' म्हणायचे. बाकी सगळं कॉलेज तिला मॅडम म्हणायचं. आणि गेल्या महिन्यात जुन्या बस स्टँडवर, मोगरा विकणाऱ्या बायकांच्या शेजारी उभं असताना, छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले होते, "भारतीबाई, एक विचारतो. उत्तर आज नको. उरलेले दिवस आपण एका घरात काढूया का? लग्न करून, रीतसर." मग ते पुढं म्हणाले, "घरात बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून विचारत नाही. तसं कुणीही चाललं असतं. तुम्ही पाहिजे." आणि ती म्हणाली होती, "बस आली तुमची." खरंच आली होती. ते चढले, खिडकीतून त्यांनी हात केला, नेहमीसारखा. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, चेहऱ्यावर आणला नाही, बोलण्यातला सूरही बदलला नाही. याचं तिला आधी बरं वाटलं, मग थोडा राग आला, मग त्या रागाचं हसू आलं. सुखी माणसानं आणखी सुख मागावं का? जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा कुणी पान वाढलं तर 'नको, पोट भरलंय' म्हणायची सवय असते. पण पोट भरलंय का, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आणि आत्ते? आत्तेंचं काय? हा विचार आला की पुढचे सगळे विचार बंद पडायचे, बस कालव्यावरच्या पुलाशी अडकून पडायची तसे.

दुपारी डबा उघडताना तिनं सहज पोंगलची गोष्ट सांगितली. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून. वैद्यनाथ सरांचा दहीभाताचा घास हातातच राहिला. "थांबा, थांबा. तबकडी फिरत नव्हती? आणि गरम, थंड, गरम असं होतं? किती किती अंतरावर?" ती म्हणाली, "अंतर कोण मोजतं, सर? मी खात होते." ते हसले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी टेबलावर बोट ठेवून एक वळण काढलं, वर, खाली, वर. "ती लाट आहे, भारतीबाई. ओव्हनच्या आत ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते, परत येते, स्वतःलाच भेटते आणि जागच्या जागी उभी राहते. जिथं तिची उसळी जास्त तिथं चटका, जिथं ती शांत तिथं थंड. तबकडी कशासाठी असते? पदार्थ सगळीकडून लाटेत फिरावा म्हणून. तुमची थांबली म्हणून तुम्हाला लाट लागली. जिभेला लागली!" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी इतकी वर्षं फळ्यावर काढतो हो ती. खडूनं. कधी पाहिली नाही." त्या वाक्यानं भारतीला काहीतरी झालं. माणूस जे रोज दुसऱ्यांना समजावून सांगतो ते त्यानं स्वतः पाहिलेलं नसतं, हे तिला नवीन नव्हतं. पण ते असं डब्यावर बसून, लाज न बाळगता कुणी म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "पाहता येईल." तिच्या तोंडून ते आधी निघालं, विचार मागून आला. "कोबाल्ट क्लोराइड आहे माझ्याकडे. त्यात भिजवलेला कागद कोरडा असला की निळा असतो, ओल लागली की गुलाबी होतो. ओला गुलाबी कागद आत ठेवायचा. जिथं लाट जोरात तिथलं पाणी आधी उडणार. तिथं तिथं निळं दिसेल." वैद्यनाथ सरांनी डब्याचं झाकण लावलं. जेवण अर्धं राहिलं होतं. "ओव्हन आणा," ते म्हणाले. तिनं मान हलवली. "ते जमणार नाही, सर. कोबाल्ट विषारी असतं. एकदा तो कागद आत गेला की त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न ठेवायचं नाही. आणि तो सतीशचा आहे." ते लगेच म्हणाले, "मग नको." इतक्या लगेच की तिला वाटलं, हे ओव्हनबद्दल आहे की दुसऱ्या कशाबद्दल.

संध्याकाळी गंगाबाई चटईवर बसून गवार मोडत होती. भारती समोर बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या. आठ वर्षं ती तो ओव्हन दर शुक्रवारी पुसत आली होती, आधी बाहेरून, मग आतून, लिंबाच्या पाण्यानं. बिघडला असता तर दुरुस्त करून आणला असता. दुरुस्त होण्यासारखा नसता तरी ठेवला असता. सतीशच्या बाकीच्या वस्तू हळूहळू गेल्या होत्या. शर्ट वाटले, स्कूटर प्रणवेशनं विकली, चष्मा एका शिबिरात दिला. ओव्हन मात्र आत्तेंसाठी राहिला पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं होतं, कारण मुलानं तो आईला मराठीत समजावून दिला होता. तिनं शेंगेची शीर काढत काढत सांगितलं: कॉलेजात एक प्रयोग करायचा आहे, त्याला आपल्यासारखा तबकडी न फिरणारा ओव्हन लागतो, पण मग तो परत स्वयंपाकाला वापरता येणार नाही. "तुम्हाला नको असेल तर राहू दे," ती घाईनं म्हणाली. गंगाबाईचे हात थांबले नाहीत. "घेऊन जा," ती म्हणाली. भारतीला वाटलं नीट ऐकलं नाही. "सतीशनं आणलेला आहे, आत्ते." "ठाऊक आहे कोणीं आणला तें. मला त्या पेटीचें पहिल्या दिवसापासून भय आहे. तूं ठेवलास म्हणून मीं काही बोललें नाहीं. तुला त्याची आठवण, मीं कसें टाक म्हणूं?" "मी तर तुमच्यासाठी ठेवला," भारती म्हणाली. गंगाबाईनं मान वर केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग म्हातारीच आधी हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, आणि मग भारतीलाही आवरेना. मांडीवरची गवार चटईवर सांडली. हसून झाल्यावर डोळे पुसताना भारतीच्या मनात आलं. असं आणखी काय काय आपण दोघींनी एकमेकींसाठी म्हणून धरून ठेवलंय? बिनकुंकवाचं कपाळ आत्तेंनी सांगितलं नव्हतं, तिनंच आत्तेंना बरं वाटावं म्हणून तसं ठेवलं. फिक्या साड्या. लग्नांना न जाणं. आत्तेंनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. रात्री तिनं वैद्यनाथ सरांना मेसेज केला, शनिवारी ओव्हन आणते म्हणून. त्यांचं उत्तर आलं, मराठी, पण नेहमीप्रमाणे तमिळ अक्षरांत लिहिलेलं, कारण देवनागरी दोघांनाही धड येत नव्हती. "फार आनंद," एवढंच होतं. ते दोन शब्द तिनं तमिळ अक्षरांतून पुन्हा पुन्हा मराठीत वाचले.

शनिवारी वर्ग दुपारपर्यंतच होते. सकाळी ओव्हन ऑटोत मागच्या सीटवर, तिच्या शेजारी, एखाद्या पाहुण्यासारखा बसून आला. वळणावर तो कलायला लागला की ती हात घालून धरायची. बाहेर मोठ्या देवळाचं गोपूर गेलं, शाळेच्या बस गेल्या, कुणीतरी जीपमधून लाउडस्पीकरवर काहीतरी ओरडत गेलं, आणि तिला गंमत वाटत होती की नवऱ्याची शेवटची वस्तू घेऊन आपण चाललो आहोत आणि जीव हलका आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुली निघून गेल्यावर टेबलांवर ओल राहिली होती, अमोनियाचा वास रेंगाळत होता. हा वास तिला घरच्या वासापेक्षा ओळखीचा होता. तिनं हातमोजे चढवले. गाळण-कागदाचे मोठे ताव तिनं आदल्या दिवशीच द्रावणात बुडवून वाळवले होते. तसे वाळलेले असताना ते जांभळट निळे, मोरपिसाच्या कडेसारखे. वैद्यनाथ सर बाह्या दुमडून उभे होते, हात कुठं ठेवावे ते न कळलेल्या माणसासारखे. "इथं तुम्ही मास्तर," ते म्हणाले, "मी विद्यार्थी." तिनं स्पंजानं पहिला ताव ओला केला. निळा रंग तिच्या हाताखाली गुलाबी होत गेला, कडेपासून आत. ओव्हनची तबकडी काढून त्यांनी आत पुठ्ठ्याचा एक सपाट कट्टा केला, त्यावर कागद पसरला, दार लावलं. घुर्र आवाज सुरू झाला. त्या आवाजाकडे तिनं इतकी वर्षं पाठ केली होती, आज ती काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती. दार उघडलं तेव्हा कागद होता तसाच गुलाबी होता, फक्त कोमट. पाणी फार झालं होतं. दुसऱ्या वेळी तिनं कमी ओला केला आणि दोघं थोडं जास्त थांबली. कागद सगळाच्या सगळा निळा होऊन बाहेर आला, एक कडा करपलेली. वैद्यनाथ सरांचा चेहरा उतरला. "नसेल येत," ते म्हणाले. "येईल," भारती म्हणाली. अशा वेळी तिला एक प्रकारची शांती यायची. हातांना माहीत असायचं, की बरोबर ते दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी आहे आणि ती मधली जागा तेवढी शोधायची आहे. तिनं स्पंज बाजूला ठेवला, एक स्वच्छ पातळ कापड भिजवून घट्ट पिळलं, कागदावर अंथरलं आणि तळहातानं सगळीकडून सारखं दाबलं. कापड उचललं तेव्हा खालचा गुलाबी अगदी पातळ होता, लहान मुलाच्या टाचेसारखा.

या वेळी त्यांनी ओव्हन मध्येच बंद केला. तिनं दार उघडलं, कागद दोन्ही हातांनी कडांना धरून बाहेर काढला आणि पांढऱ्या फरशीच्या टेबलावर ठेवला. गुलाबी कागदावर निळे डाग उमटले होते. एक, मग गुलाबी जागा, मग दुसरा, मग पुन्हा गुलाबी, मग तिसरा. शेजारच्या ओळीत तसेच, जरा सरकलेले. अगदी सरळ नव्हते, एक डाग लांबट होता, एक अर्धाच. पण त्यांच्यामध्ये एक लय होती, ती कुणालाही दिसली असती. कुणी काढले नव्हते. इथं होतं ते आधीपासून होतं, रोज सकाळी तिच्या पाठीमागे, पोंगलमध्ये, दुधात, कॉफीत, आणि दिसत नव्हतं. तिला काही मोठं वाटलं नाही. उलट फार साधं, निवांत वाटलं, उन्हातून आल्यावर गार फरशीवर पाय टेकावा तसं. वैद्यनाथ सरांनी पट्टी आणली, डागाच्या मध्यापासून पुढच्या डागाच्या मध्यापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, सरासरी काढली, दोन डागांत अर्धीच लाट मावते म्हणून दुप्पट केली, ओव्हनच्या पाठीवर छापलेला वारंवारतेचा आकडा पाहून आले आणि फळ्यावर गुणाकार मांडला. खडू शेवटच्या शून्यांवर टकटक वाजला. "प्रकाशाचा वेग," ते म्हणाले. "थोडा कमी आलाय." "मोडक्या ओव्हनला एवढा पुरे," ती म्हणाली. ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अप्पांना दाखवायला पाहिजे होतं. त्यांच्या उशाशी रेडिओ असायचा. बोलता येत नव्हतं तरी बोटानं विचारायचे, आवाज कुठून येतो, कसा येतो. मी सांगायचो, लाटांनी येतो, अप्पा. ते असे बघायचे, जसं काही मी थापा मारतोय." त्यांनी चष्मा काढला. भारतीनं हातमोजे काढले आणि, पहिल्यांदाच, त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते हललेसुद्धा नाहीत.

कागद बघता बघता पालटत होता. तंजावूरच्या हवेत ओल कायमची; निळ्या डागांच्या कडा आधी विरघळल्या, मग मध्यही पातळ होऊ लागला. वैद्यनाथ सर घाईनं म्हणाले, "फोटो काढूया." तिनं मोबाइलवर काढला. पुन्हा करता येईल, तिच्या मनात आलं. कापड पिळायचं, दाबायचं, दार लावायचं, जितक्या वेळा हवं तितक्या वेळा. आणि नेमकं तेव्हा, काही न ठरवता, ती म्हणाली, "सर, त्या दिवशी बस स्टँडवर तुम्ही विचारलं होतं." "हं." "बस आली म्हणून राहिलं." "हं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहत होते, आणि ते पाहत नाहीत यामुळेच तिला बोलता येत होतं. ती 'चालेल' म्हणणार होती. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती. सतीशला पाहिलं तेव्हा वडिलांना, फ्लॅट घेतला तेव्हा सतीशला, प्रणवेश चेन्नईला गेला तेव्हा प्रणवेशला. तोंडातून निघालं ते, "मला आवडेल." शब्द ऐकून तिचा तिलाच धक्का बसला. वैद्यनाथ सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, काचा धुरकटच राहिल्या होत्या. "गुलाबी झाला बघा पुन्हा," ते कागदाला उद्देशून म्हणाले, आणि मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, "फार आनंद." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत्तेंना कसं विचारणार?" "विचारणार नाही. सांगणार," भारती म्हणाली. प्रयोगशाळेत ते तिनं ठामपणे म्हटलं होतं. बसमध्ये बसल्यावर ते पातळ झालं, आणि घराच्या जिन्यापर्यंत येताना त्यातलं काही उरलं नव्हतं.

गंगाबाई बाल्कनीत होती. शेवग्याचा पाला काढत होती, एकेक डहाळी हातात घेऊन खालून वर बोटं ओढत, पानं सुपात पडत होती. उन्हं कलली होती. भारतीनं पर्स ठेवली, पाय धुतले, येऊन समोर बसली आणि एक डहाळी उचलली. "झालें का तुमचें तें?" गंगाबाईनं विचारलं. "झालं, आत्ते. फार छान झालं." मग ती थांबली. आता म्हटलं नाही तर पुन्हा 'काही नाही' म्हणायला लागेल, आणि ते आता जमणार नाही, एवढं तिला समजत होतं. "आत्ते, मला एक सांगायचं आहे. आमच्या कॉलेजात वैद्यनाथ सर आहेत. त्यांनी मला..." "तिरुवैयारुचे ना?" गंगाबाई म्हणाली. भारतीचा हात थांबला. "तुम्हाला कसं..." "तूं फोनवर मराठी बोलतेस. माझ्याशीं बोलतेस तसें नाहीं, सावकाश. प्रणवेश तमिळ बोलतो, तुझ्या मैत्रिणी तमिळ बोलतात. ह्या ऊरांत, ह्या गांवांत, आपली भाषा बोलणारीं माणसें उरलीं किती? मला कान आहेत कीं नाहींत?" बोटं डहाळीवरून ओढली जात होती, पानं पडत होती. भारती म्हणाली, "त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलं." आता ओढणं थांबलं. खाली रस्त्यावर एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. गंगाबाई म्हणाली, "सतीशला जाऊन आठ वर्षें झालीं." भारती म्हणाली, "हो." सासू सुपातल्या पानांवर हात फिरवत राहिली, त्यातले देठ वेचून बाहेर टाकत. "मीं रोज सकाळीं देवाला काय सांगतें, ठाऊक आहे तुला? मला लवकर ने. मीं आहें तोंवर ही पोरगी इथून हलणार नाहीं. रोज सांगतें. तो ऐकत नाहीं. त्या डॉक्टरनें परवां पाहिलें तर रक्तदाबही चांगला." भारतीला हसू आणि रडू एकदमच आलं. "असं काय मागता हो, आत्ते," ती कशीबशी म्हणाली. "मग काय मागूं? तूं सांगितलेंस कधीं?" त्यात राग होता, खराखुरा, आणि तो ऐकून भारतीला इतकं मोकळं वाटलं की ती पुढे सरकली आणि म्हातारीच्या गुडघ्यावर कपाळ टेकून बसली. शेवग्याचा हिरवा, उग्र वास नाकाशी होता. गंगाबाईची पानं चिकटलेली बोटं तिच्या केसांत आली, एकदा, दोनदा, आणि तिथंच राहिली.

"प्रणवेशला मी रविवारी सांगते," भारती तशीच म्हणाली. "मीं सांगतें," गंगाबाई म्हणाली. "तो माझ्यावर ओरडणार नाहीं." मग तिनं विचारलं, अगदी रोजच्या आवाजात, "त्याच्या घराला पायऱ्या आहेत?" भारतीनं मान वर केली. "माझे गुडघे ठाऊक आहेत ना तुला? तूं गेलीस तर मीं इथें एकटी काय करूं? मीं येणार. पण चढायला जमलें पाहिजे." इतक्या वर्षांत भारती तिरुवैयारुच्या त्या घरी एकदाही गेली नव्हती. घर कसं आहे, कुठल्या गल्लीत आहे, काहीच माहीत नव्हतं. तिनं मोबाइल घेतला, स्पीकर लावला. वैद्यनाथ सरांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे बसचा आवाज होता. "सर, तुमच्या घराला पायऱ्या आहेत का हो?" ती म्हणाली. "आहेत. दाराशी आहेत. का?" "आत्ते विचारतायत." पलीकडे नुसती बस ऐकू येत होती, कंडक्टरची शिट्टी, कुणाचं तरी लेकरू. मग त्यांचा आवाज आला, नेहमीचा नव्हता तो. "त्यांना सांगा, सोमवारी गवंडी बोलावतो. पायऱ्यांवर उतरण बांधून घेतो, अगदी कमी चढाची." भारतीनं ते मराठीतून मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द, जसं काही गंगाबाईला ते ऐकू आलंच नव्हतं. गंगाबाईनं पुढची डहाळी उचलली, नीट पाहिली, किडकी पानं तोडून टाकली.

"कठडा पण पाहिजे म्हणावें," ती म्हणाली. "उजव्या हाताला."